पात्यामागची स्प्रिंग

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांचा ट्रक खाली होतो, तेव्हा पान्याची पाळी नंतर येते, पात्याची आधी. खोक्यावरची चिकटपट्टी, पॅलेटभोवती गुंडाळलेली पारदर्शक फिल्म, करकचून आवळलेली प्लास्टिकची पट्टी, गंज धरू नये म्हणून घातलेली पिशवी, ताडपत्रीची नायलॉन दोरी. हे सगळं कापल्याशिवाय बेअरिंग असो की ब्रेक डिस्क, काहीच लाइनवर पोचत नाही. त्यामुळे भोसरीपासून म्हाळुंग्यापर्यंतच्या या पट्ट्यात स्टोअरवाल्याच्या, इलेक्ट्रिशियनच्या, ड्रायव्हरच्या खिशात काहीतरी धारदार असतंच.

हल्ली तरुण पोरांच्या खिशात ऑनलाइन मागवलेला एक वेगळा चाकू दिसतो. घडीचा, हातात मावणारा. पात्याच्या बुडाशी बाहेर आलेला दांडा बोटानं थोडा दाबला की पातं जरासं हलतं आणि मग बाकीचा प्रवास स्वतःच पुरा करतं. खट्! याला ‘असिस्टेड ओपनिंग’ म्हणतात, म्हणजे उघडायला स्प्रिंगची साथ. कँटीनमध्ये तो टेबलावर येतो, चार जण उघडून बघतात आणि टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस म्हणून मला विचारतात, ‘काका, घेऊ का असला?’ एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

साइड स्टँड आठवा

ही यंत्रणा समजून घ्यायला परदेशी पुस्तक उघडायची गरज नाही. आकुर्डी-चाकणच्या रस्त्यावर धावणाऱ्या कुठल्याही मोटारसायकलचा साइड स्टँड बघा. स्टँड खाली असतो तेव्हा त्याची स्प्रिंग त्याला खालीच दाबून धरते. तुम्ही पायानं तो वर ढकलू लागता तेव्हा सुरुवातीला स्प्रिंग विरोध करते, ताणली जाते. एका ठरावीक जागी स्प्रिंगच्या ओढीची रेषा स्टँडच्या खिळीला ओलांडते आणि त्याच क्षणी तीच स्प्रिंग बाजू बदलते. आतापर्यंत अडवत होती, आता ओढू लागते आणि स्टँड झटकन वर जाऊन बसतो. स्प्रिंग एकच, पण दोन्ही टोकांना स्थिर ठेवणारी.

चाकूत हेच छोट्या मापात केलेलं असतं. मुठीच्या आत एक बारीक वाकवलेली पोलादी तार किंवा छोटी स्प्रिंग बसवतात. तिचं एक टोक मुठीत अडकलेलं, दुसरं पात्याच्या बुडात. मिटलेल्या अवस्थेत ती पात्याला आत दाबून ठेवते. बोटानं पातं साधारण वीस-तीस अंश बाहेर काढलं की उलटण्याची जागा ओलांडली जाते आणि स्प्रिंग पात्याला पुढे फेकते. स्टँडमध्ये ही जागा मधोमध कुठेतरी असते, चाकूत ती मुद्दाम मिटलेल्या टोकाजवळ ठेवलेली असते. उघडल्यावर पातं पक्कं धरायचं काम मात्र स्प्रिंगचं नाही. त्यासाठी वेगळं कुलूप असतं, बहुधा मुठीच्या आतली एक पोलादी पट्टी, जी सरकून पात्याच्या बुडाखाली टेकते.

स्प्रिंग आणि कुलूप ही दोन वेगळी कामं आहेत, हे मी पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो. पातं वेगानं उघडलं म्हणजे ते घट्ट बसलं, असं मुळीच नाही.

खटक्याच्या चाकूपेक्षा हा वेगळा कसा

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू हिंदी सिनेमानं घराघरांत पोचवला आणि त्याच्याबरोबर ‘खटक्याचा चाकू’ हा शब्दही रुळला. खऱ्या खटक्याच्या चाकूत स्प्रिंग मिटलेल्या अवस्थेतही पात्याला बाहेरच ढकलत असते. एक खिट्टी तिला अडवून ठेवते. बटण दाबलं की खिट्टी सुटते आणि पातं बाहेर. असिस्टेड चाकूत मिटलेल्या अवस्थेत स्प्रिंगचा कल आतल्या बाजूला असतो आणि बटण नसतं. पात्याला थेट हात लावून हलवावं लागतं.

हा फरक तांत्रिक दिसतो, पण त्याच्यावर कायदे उभे राहिले आहेत. अमेरिकेत १९५८ साली संघीय कायद्यानं खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आली. १९९५ मध्ये ब्लॅकी कॉलिन्स या रचनाकारानं स्प्रिंगची साथ असलेला पहिला चाकू आणला. मग १९९८ च्या सुमारास हवाईतल्या केन ओनियनची ‘स्पीडसेफ’ रचना कर्शॉ कंपनीनं बाजारात आणली आणि हा प्रकार लोकप्रिय झाला. २००९ मध्ये अमेरिकी कायद्यात दुरुस्ती झाली. ज्या चाकूचा कल मिटण्याकडे आहे आणि जो उघडायला पात्यावर हातानं जोर द्यावा लागतो, तो खटक्याचा नव्हे, असं तिथं स्पष्ट झालं. ब्रिटननं नेमकी उलटी वाट धरली. २०१९ च्या कायद्यानं तिथं अर्धवट उघडलेल्या अवस्थेतून स्प्रिंगनं पूर्ण उघडणारं पातंही बंदीच्या व्याख्येत आणलं. म्हणजे एकच वस्तू एका देशात रोजच्या वापराचं हत्यार आहे आणि दुसऱ्यात गुन्हा.

दुसरा हात अडकलेला असतो तेव्हा

या चाकूचा खरा फायदा वेगाचा नाही, एका हाताचा आहे. जाहिरातीत वेग दाखवतात, कारण चित्रफितीत तोच उठून दिसतो. कामावर मात्र सेकंदाच्या अंशानं काही बिघडत नाही.

शिडीवर उभा असलेला इलेक्ट्रिशियन घ्या. डावा हात केबल ट्रेला धरलेला, केबलवरची प्लास्टिकची टाय कापायची आहे. साध्या घडीच्या चाकूत, ज्याला नखानं खाचेत पकडून पातं ओढावं लागतं, त्याला दोन्ही हात लागतात. म्हणजे शिडीवरचा आधार सोडणं आलं. पावसात तळेगाव-चाकण रस्त्यावर ताडपत्री सोडणारा ड्रायव्हर एका हातानं ओली दोरी ताणून धरतो, गाठ सुटत नाही, आणि दोरी सोडली तर ताडपत्री वाऱ्यानं उडते. अशा वेळी उजव्या हातानं चाकू काढून त्याच हातानं उघडता आला, तर काम सुरक्षित होतं.

हातमोजे घातलेले असताना तर फरक फारच जाणवतो. पत्र्याचं काम करणाऱ्यांचे कापप्रतिरोधक मोजे जाड असतात. नखाची खाच त्यांतून हाताला लागतच नाही. बाहेर आलेला दांडा मात्र मोज्यातूनही सापडतो आणि पुढचं काम स्प्रिंग करते. थंडीत बधिर झालेली बोटं, सांधेदुखी, अंगठ्याला जुनी दुखापत, अशांनाही या साथीचा उपयोग होतो. साठी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला ते पटकन कळतं.

आणखी एक फायदा फारसा बोलला जात नाही. स्प्रिंग पातं शेवटपर्यंत नेऊन सोडते, त्यामुळे ते अर्धवट उघडून राहण्याची आणि कुलूप न लागताच कापायला सुरुवात होण्याची शक्यता कमी होते. ‘कमी होते’ असंच मी म्हणेन. यंत्रणेत कचरा साठला, की हीच खात्री पहिल्यांदा जाते.

पण एका हातानं उघडायला स्प्रिंगच हवी, असं अजिबात नाही. अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीनं १९८१ साली पात्यात गोल भोक पाडून अंगठ्यानं उघडणारा चाकू आणला, त्यात कसलीही स्प्रिंग नव्हती. आता तर खिळीभोवती बारीक बॉल बेअरिंग बसवलेले चाकू मिळतात. दांडा दाबला की मनगट न हलवताही पातं सहज फिरतं. बेअरिंगचं काम बेअरिंग करत असेल तर स्प्रिंग कशाला, हा प्रश्न आता चाकू बनवणारेही विचारू लागले आहेत.

बोट कापतं ते मिटताना

उघडण्याबद्दल सगळे बोलतात, मिटण्याबद्दल कोणी बोलत नाही. असिस्टेड चाकू मिटवायचा म्हणजे तीच स्प्रिंग उलट्या दिशेनं पुन्हा भरायची. पातं ढकलताना सुरुवातीला जोर लागतो, हाताला विरोध जाणवतो. मग उलटण्याची जागा येते आणि विरोध अचानक नाहीसा होतो. शेवटचे काही अंश पातं स्वतःच आत झेपावतं. हाताचा जोर मात्र अजून तेवढाच लागलेला असतो.

आत पट्टीचं कुलूप असेल तर ती पट्टी बाजूला सारण्यासाठी अंगठा नेमका पात्याच्या वाटेत ठेवावा लागतो. कुलूप सुटल्यावर अंगठा वेळेत बाहेर घेतला नाही, की कापलाच. साध्या चाकूतही हा धोका आहे, पण तिथं पातं तुमच्या हाताच्याच गतीनं येतं. इथं शेवटची गती तुमची नसते.

योग्य पद्धत सोपी आहे, पण ती सवयीची व्हावी लागते. कुलूप थोडं सोडून पातं जरासं आत आणायचं, मग अंगठा पूर्ण बाहेर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर ठेवून ते सावकाश बसवायचं. म्हणजे एका हातानं उघडणारा हा चाकू मिटायला दोन हातच मागतो. जे त्याला एका हातानं मांडीवर दाबून मिटवतात, त्यांना मी लगेच थांबवतो.

स्प्रिंग गेली तर

पुन्हा साइड स्टँडकडे येतो. त्याची स्प्रिंग तुटली की स्टँड लोंबकळतो आणि वळणावर रस्त्याला टेकून गाडी पाडू शकतो. चाकूतही तसंच. आतली तार तुटली तर तो ‘साधा चाकू’ होऊन बसेल, असं बहुतेकांना वाटतं. उघडायला साधा होतो, खरं आहे. पण पात्याला आत दाबून ठेवणारीही तीच तार होती. ती गेल्यावर मिटलेलं पातं ढिलं होतं, आणि वाकताना, बसताना, गाडीवर टांग टाकताना खिशात थोडं उघडू शकतं. काही चाकूंत कुलपाच्या पट्टीवर बारीक गोळी असते, ती मिटलेल्या पात्याला धरून ठेवते. ती असेल तर बरं. कर्शॉच्या ‘लीक’ या नावाजलेल्या ३ इंची चाकूच्या टोकाशी सरकणारी छोटी अडकण दिलेली आहे, ती नेमकी याच भीतीपोटी.

तार तुटते ती थकव्यानं. स्प्रिंगच्या कारखान्यात नमुना हजारो वेळा दाबून-सोडून तपासतात, कारण एका जोरानं न तुटणारं पोलाद तोच जोर पुन्हा पुन्हा दिला की बारीक चिरेपासून फाटत जातं. कँटीनमध्ये दिवसभर खट्-खट् करत बसणारा पोरगा आपल्या चाकूची हीच चाचणी घेत असतो.

त्यात आपल्या पट्ट्यातली हवा. ग्राइंडिंगची धूळ, फाउंड्रीची वाळू, सीएनसीवरचं कूलंट, चिकटपट्टीचा डिंक, आणि जूनपासून चार महिने ओल. खिळीपाशी या सगळ्याचा लगदा होतो. साधा चाकू धुऊन, पुसून, तेलाचा थेंब टाकून पुन्हा चालू होतो. असिस्टेड चाकू उघडायचा तर बारीक चांदणी-तोंडाचे स्क्रू काढावे लागतात आणि जोडताना ताणलेली तार जागेवर बसवणं हे चिमट्यानं आणि सबुरीनं करायचं काम आहे. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण तार उडते. सुटी तार भोसरीच्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. कटरची पाती मात्र कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे डब्यात असतात.

पोलादाबद्दल थोडंसं. या चाकूंवर बरेचदा ‘डी-टू’ कोरलेलं असतं. टूलरूमवाल्याला हे नाव ओळखीचं आहे, आपल्या प्रेस डायचे पंच याच पोलादाचे असतात. सुमारे दीड टक्का कार्बन, बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. धार दीर्घकाळ टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही. कूलंट लागलेलं पातं तसंच मिटून ठेवलं की डाग धरतं आणि घरच्या दगडावर त्याला धार लावणं जिकिरीचं असतं.

उलट्या दिशेची स्प्रिंग

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. कारखान्याच्या आत पातं किती झटकन बाहेर येतं, हा प्रश्नच नसतो. काम संपल्यावर ते आत गेलं का, हा प्रश्न असतो.

खोकं कापून झालं, फोन वाजला, पातं उघडं ठेवून माणूस वळला. पॅलेटवरचा उघडा चाकू फिल्मच्या ढिगात दिसेनासा झाला आणि तो ढीग उचलणाऱ्याच्या हाताला लागला. पट्टी जोरानं तुटली आणि पातं थेट मांडीत गेलं. डाव्या हातानं धरून उजव्या हातानं स्वतःकडे ओढताना डाव्या अंगठ्याची जखम. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की धनुर्वाताचं इंजेक्शन कुणाला कधी दिलं याची वही आमच्या टेबलावर कायम उघडी असायची. यांतल्या एकाही जखमेला पातं उशिरा उघडणं कारणीभूत नव्हतं.

एके काळी शॉप फ्लोअरवरचा ठरलेला चाकू म्हणजे तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा. ग्राइंडरवर धार लावायची, मागे इन्सुलेशन टेप गुंडाळायची, झाली सुरी. पॉवर हॅक्सॉचं जाड ब्लेड मिळालं तर चैनच. धार उत्तम लागायची, पण पोलाद ठिसूळ, आडवा जोर पडला की टकदिशी मोडायचं आणि तुकडा उडायचा. आणि त्याला म्यान नसायचं, तो उघडाच खिशात जायचा.

मग आला सरकपट्टीचा कटर, ज्याची बोथट झालेली कांडी मोडून टाकता येते. याची कल्पना जपानमधल्या योशिओ ओकादांची, १९५६ ची. फुटलेल्या काचेची धार आणि खाचा असलेली चॉकलेटची वडी यांवरून त्यांना ती सुचली आणि ‘मोडायचं पातं’ या अर्थाच्या जपानी शब्दांवरून ‘ओल्फा’ हे नाव आलं. स्वस्त, धार नेहमी ताजी. पण मोडलेली कांडी जाते कुठे? ती वायरिंग हार्नेसच्या खोक्यात किंवा सीटच्या कापडात सापडली, की सगळा माल अडकतो. शिवाय हाही कटर उघडा राहतो.

यावर उपाय निघाला तो स्प्रिंगचाच, पण उलट दिशेनं लावलेल्या. स्वतः आत जाणारा कटर: अंगठ्यानं सरकपट्टी पुढे दाबून धरली तोवर पातं बाहेर, सोडली की स्प्रिंग त्याला आत ओढते. त्याच्याही पुढचा प्रकार जर्मनीतल्या झोलिंगेन या चाकूंच्या गावातल्या मार्टोरसारख्या कंपन्या बनवतात. त्यात पातं खोक्यात शिरलं, की अंगठा दाबलेला असला तरी खोक्याबाहेर निसटताक्षणी ते आत जातं. तिसरा प्रकार आकड्यासारखा, ज्यात धार आत लपलेली असते आणि फक्त फिल्म किंवा पट्टीच तिच्यापर्यंत पोचू शकते. फिल्म कापायला मला तोच सगळ्यांत आवडतो, आतला माल खरचटत नाही.

असिस्टेड चाकूची स्प्रिंग माणसाला कापायला मदत करते. या कटरची स्प्रिंग माणूस विसरला तर त्याला वाचवते. दिवसात शंभर खोकी उघडणारा माणूस विसरणारच. म्हणून शॉप फ्लोअरवर आणि गोदामात असिस्टेड चाकू नको, असं माझं स्पष्ट मत आहे, तो कितीही चांगल्या पोलादाचा असला तरी.

गेटवर आणि नाक्यावर

कारखान्याबाहेर प्रश्न कायद्याचा. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. खिशातल्या चाकूचं पातं ३-४ इंचांचं, म्हणजे मापानं तो यात बसत नाही. पण दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनं बटणाच्या चाकूंसाठी फार लहान माप ठरवलं, ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी. ट्रक घेऊन उत्तरेला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे महत्त्वाचा आहे तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३७. त्याखाली सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात शस्त्रं, सुरे, लाठ्या बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात. ते आदेश मोडले तर कलम १३५ लागतं. पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि चाकणही त्यातच येतं. गेल्या काही वर्षांत या भागात कोयते नाचवून दहशत माजवण्याचे प्रकार झाले, त्यामुळे नाकाबंदीत पोलिसांची नजर तीक्ष्ण झाली आहे, आणि ते योग्यच आहे. रात्रपाळी सुटल्यावर नाशिक फाट्यावर अडवलेल्या पोराच्या खिशातून चाकू निघाला आणि तो खट्कन उघडला, तर बटण आहे की नाही, कल आत आहे की बाहेर, हे समजावून सांगायची ती वेळ नसते. बघणाऱ्याला तो खटक्याचाच वाटतो. कामाच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी ठेवलेला चाकू आणि रात्री खिशात सापडलेला चाकू यांत फरक पडतो.

तरीही घ्यायचा असेल तर

रविवारी लोहगडावर किंवा तिकोन्यावर जाणारे, शेतावरचं काम करणारे, गाडीत दोरी कापायला काही हवं असणारे, यांच्यासाठी तो वाईट नाही. फक्त घेताना चार गोष्टी हातानं तपासा. मिटलेला चाकू उलटा धरून हलवला तर पातं हलायला नको. उघडल्यावर पात्याच्या पाठीवर तळव्यानं दाबलं तर कुलूप सरकायला नको. मिटलेल्या पात्याला अडकवणारी वेगळी अडकण असावी. आणि स्क्रू साध्या चांदणी-तोंडाच्या किल्लीनं निघावेत. चारांतलं एक जरी जमत नसेल तर भोकाचा किंवा बेअरिंगचा साधा चाकू घ्या.

घरात लहान मूल असेल तर मी अजून एक बघायला सांगतो: मुलाच्या बोटाच्या जोरानं दांडा दबतो का? बहुतेक चाकूंचा दबतो. मग तो खुंटीवरच्या पँटच्या खिशात राहता कामा नये. माझा स्वतःचा साधा चाकूही, नखाच्या खाचेचा, दोन हातांनी उघडणारा, वरच्या फळीवर मिक्सरच्या डब्यामागे असतो.